घनकचरा व्यवस्थापन कसे शिकवावे: व्याख्यानमाला की कचरा-तपासणी प्रकल्प?

विद्यापीठात घनकचरा व्यवस्थापनाचा एका सत्राचा अभ्यासक्रम आखणाऱ्या शिक्षकाला सर्वांत आधी अध्यापनाची पद्धत ठरवावी लागते. एक मार्ग व्याख्यानांचा आहे. त्यात निर्मिती, साठवण, संकलन, वाहतूक, प्रक्रिया आणि अंतिम विल्हेवाट या क्रमाने विषय पुढे सरकतो आणि शेवटी लेखी परीक्षा होते. दुसऱ्या मार्गात विद्यार्थी स्वतःच्या शैक्षणिक परिसरातील कचऱ्याचे नमुने घेतात, त्यांचे वर्गीकरण व वजन करतात आणि मिळालेल्या आकड्यांवरून आराखडा तयार करतात. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. मात्र व्याख्यानांखेरीज ज्या गोष्टी शिकवताच येत नाहीत, त्यांना तासिका राखून ठेवल्या पाहिजेत.

व्याख्यानांची जमेची बाजू व्याप्तीची आहे. कचरा मुळात टाळणे, पुनर्वापर, पुनर्चक्रण, ऊर्जा किंवा अन्य स्वरूपातील पुनर्प्राप्ती आणि सर्वांत शेवटी विल्हेवाट हा प्राधान्यक्रम दोन तासिकांत समजावता येतो. अडचण अशी की विद्यार्थी ही उतरंड पाठ करतो, पण वरची पायरी खालचीपेक्षा सरस का, हे त्याला आकड्यांनी सिद्ध करता येत नाही.

कचरा-तपासणीत हेच कारण हाताला लागते. ताडपत्रीवर कचरा ओतून तो नीट मिसळायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून उरलेले बाजूला काढायचे आणि हाताळण्याजोगा नमुना उरेपर्यंत हे पुन्हा करायचे. नगरपालिका स्तरावरील कचऱ्यासाठी प्रचलित असलेल्या एका प्रमाण पद्धतीत हा नमुना 91 ते 136 किलोंचा असतो. पहिला वाद बहुधा अन्नाने भिजलेल्या कागदावरून होतो: तो कोणत्या ढिगात टाकायचा? उत्तर लगेच देऊ नये, आधी ओलावा मोजायला लावावा. अन्नकचऱ्यात साधारण 70 टक्के पाणी असते आणि कोरड्या कागदात सुमारे 6 टक्के. 2 किलो कागदाने शेजारच्या अन्नातले 1 किलो पाणी शोषले, तर काट्यावर कागद दीडपट भरतो, अन्न तेवढेच घटलेले दिसते आणि कागदाचा ओलावा 37 टक्क्यांवर जातो. असा कागद पुनर्चक्रणाच्या कामाचा राहत नाही. जाळायचा म्हटला तरी प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे 2.4 मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते. कचरा जिथे निर्माण होतो तिथेच तो वेगळा का करावा, याचे इतके नेमके उत्तर फळ्यावरच्या आकृतीतून मिळत नाही.

कंपोस्टच्या बाबतीतही प्रकल्प सरस ठरतो, कारण सत्राच्या कालावधीत ढीग तापताना आणि निवताना पाहता येतो. कार्बन आणि नायट्रोजनचे 25 ते 30 स एक हे प्रमाण साधण्यासाठी अन्नकचऱ्यात वाळलेला पाला किती मिसळावा, हे गणित चुकले तर ढिगाचा वासच ते सांगतो. रोगजंतू नष्ट होण्यासाठी बंदिस्त पात्रात किंवा यंत्राने हवा खेळवलेल्या ढिगात 55 अंश सेल्सिअस तापमान किमान 3 दिवस टिकावे लागते. उघड्या लांबट ढिगांसाठी हीच अट 15 दिवसांची असून त्या काळात किमान 5 वेळा पालटणी करावी लागते. तापमापी घेऊन रोज नोंद करणाऱ्या गटाला ही अट विसरता येणार नाही.

प्रकल्प जिथे अपुरा पडतो ते क्षेत्र म्हणजे भरावभूमी, म्हणजे उरलेला कचरा कायमचा पुरण्याची जागा. तळाच्या मातीच्या थराची पारगम्यता (थरातून पाणी किती वेगाने झिरपू शकते याचे माप) सेकंदाला एका मीटरच्या एक अब्जांशाहून अधिक नसावी, असा निकष सर्रास वापरला जातो. एकक जलदाबउताराला, म्हणजे दर मीटर जाडीमागे पाण्याचा दाब एक मीटर उंचीच्या पाण्याइतका उतरत असताना, हा वेग वर्षाला जेमतेम 3 सेंटिमीटर होतो. भरावातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो आणि तो कित्येक दशके निघत राहतो. अशा संथ प्रक्रिया कोणत्याही सत्रात डोळ्यांनी दिसणार नाहीत. त्यांसाठी व्याख्यान, सोडवलेली उदाहरणे आणि शक्य असल्यास एक क्षेत्रभेट हाच योग्य मार्ग आहे. क्षेत्रभेटीला मी स्वतंत्र पर्याय मानत नाही, कारण हाती मोजमाप नसलेला विद्यार्थी तिथे केवळ यंत्रे पाहून परततो.

शिवाय शैक्षणिक परिसरातील कचरा म्हणजे शहराचा कचरा नव्हे. त्याची घटकरचना वेगळी असते, सुट्टीच्या दिवशीचे प्रमाण वेगळे असते, म्हणून सलग आठवडाभराची नोंद नसेल तर निष्कर्ष काढू देऊ नयेत. डबे किती भरले यावरून वजनाचा अंदाज बांधण्याची सवयही मोडली पाहिजे, कारण दाबला जाताच त्याच कचऱ्याची घनता कैक पटींनी वाढते.

खर्च दोन्हीकडे फारसा नाही. फरक देखरेखीचा आहे. जाड हातमोजे, मुखपट्टी, बंद बूट आणि धनुर्वाताची लस यांची पूर्तता होत नसेल, किंवा प्रयोगशाळा व दवाखान्याचा कचरा नमुन्यातून आधीच वगळण्याची खात्री नसेल, तर प्रकल्प हाती घेऊ नये. वर्ग शंभराच्या पुढे असून सहायक शिक्षक नसेल, तर सगळ्यांना ताडपत्रीभोवती उभे करण्याऐवजी एका गटाने मोजमाप करावे आणि उरलेल्यांनी त्याच कच्च्या नोंदींवरून वस्तुमानाचा ताळेबंद मांडावा. मूल्यमापनात मात्र लेखी परीक्षा आणि अहवाल दोन्ही हवेत, आणि अहवालातले सर्वाधिक गुण आत आलेले व बाहेर गेलेले किलो जुळवण्याला असावेत. न जुळलेल्या किलोंचा प्रामाणिक शोध घेणाऱ्या गटालाही ते मिळावेत.