रक्त झकास घेतलं, रिपोर्टने रडवलं

वडिलांना ५२व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून कोथरूडमधल्या एका लॅबकडून अपोबी आणि लिपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा धोका सांगणाऱ्या रक्तातल्या दोन गोष्टी) तपासून घेतलं. रक्त घ्यायला मुलगा सकाळी ७ला घरी हजर. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. रिपोर्टसाठी मात्र चार फोन!

माझं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ९८, म्हणून मी खुशीत. पण ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २४० आणि अपोबी ११८, दोन्ही जास्त. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रत्येक एलडीएल कणावर अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणजे ही कणांची जवळजवळ शिरगणतीच. कोलेस्टेरॉल बेताचं, पण कण भरपूर. आणि धमनीच्या भिंतीत घुसतात ते हे कणच. लिपोप्रोटीन-ए आनुवंशिक, बहुतेकांना एकदा तपासलं की पुरतं.

काउंटरवरच्या ताई ‘फुल बॉडी पॅकेज’ गळ्यात मारत होत्या. त्यात अपोबी नव्हतंच.