कोपर्निकस ब्राउझर: शेतातल्या ओलाव्यासाठी कितपत कामाचा?

युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा हा ब्राउझर, म्हणजे उपग्रहाची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ, फुकट आहे. पाहायला खातं लागत नाही, डाउनलोडला लागतं. शेताची केएमएल फाइल (नकाशावरची हद्द) टाका, सेंटिनेल-२ उपग्रहाची एल२ए (वातावरणाचा परिणाम काढलेली) चित्रं निवडा, ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा आणि 'मॉइश्चर इंडेक्स' हा थर उघडा.

फसगत होते ती इथेच. बँड (प्रकाशाचे पट्टे) ८ए आणि ११ यांच्या वजाबाकीला बेरजेने भागून हा आकडा निघतो, आणि उभ्या पिकात तो पानांतलं पाणी दाखवतो, मातीतलं नव्हे. तो घसरलेला दिसेपर्यंत पिकाला ताण बसलेला असतो. त्यामुळे पाण्याची पाळी यावरून ठरवू नका. एकाच वेळी लावलेल्या मोठ्या तुकड्यात कुठला भाग मागे पडतोय, हे मात्र छान कळतं. ठिबकचा न उघडलेला व्हॉल्व्ह सापडेल. एखादी तुंबलेली लॅटरल (ठिबकची उपनळी) नाही, कारण पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, २० मीटरचा आहे. एकरात असे जेमतेम १० बसतात. बांधावरची झाडं टाळायला चहूबाजूंनी २० मीटर सोडले, तर चौकोनी एकरात एकच उरतो! दोन हेक्टरांखाली फार अपेक्षा नको.

रब्बीत दर पाच दिवसांची चित्रं बऱ्यापैकी स्वच्छ मिळतात. खरिपात ढगच ढग. तेव्हा ढगांतून पाहणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार घ्या, व्हीव्ही ध्रुवीकरण (लहरी उभ्या पाठवून उभ्याच टिपणारं). ओली माती उजळ दिसते, पण नुकतीच नांगरलेली ढेकळंही उजळच दिसतात, आणि पाणी साचलेलं भातखाचर काळं. म्हणून तुलना एकाच कक्षेच्या तारखांची करा. चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडे) कक्षा मिसळली की कोन बदलतो आणि फरक खोटा निघतो. कपाशीने सरी झाकली की मातीचा संकेत क्षीण होतो.

थेट मातीचा ओलावा हवा तर नासाचा स्मॅप उपग्रह आहे. तो वरच्या ५ सेंटीमीटरचाच, तोही ९ किलोमीटरच्या चौकटीत. तालुक्याला ठीक, गटाला निरुपयोगी.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः गणित करणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा: २५ जानेवारी २०२२ पासूनच्या मूळ सेंटिनेल-२ उत्पादनांत प्रत्येक बँडमधून १००० वजा करावे लागतात. ते राहिलं तर जुन्या-नव्या वर्षांची तुलना फसते. पडताळणीला १५ आणि ३० सेंटीमीटरवरची माती घ्या, १०५ अंशांवर २४ तास वाळवा. वजनातली घट भागिले कोरडं वजन, हा ओलावा.