फतेगंजमधली मराठी उपासना : आवाज नितळ, प्रार्थनेला मात्र घाई

रविवारी सकाळी नऊची उपासना. वडोदऱ्याच्या फतेगंजमधलं जुनं, उंच छताचं चर्च, म्हणजे आवाज घुमणारच. तरी तो छान आवरलाय. पेटीचा माइक भात्यापासून लांब, वरून वीतभर अंतरावर. त्यामुळे भात्याची खटखट येत नाही. तबल्याला आणि डग्ग्याला वेगळे माइक. पाळकांच्या कॉलर माइकमधून 100 हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खर्जातला, घुमणारा आवाज कापलाय, म्हणून संदेश शेवटच्या बाकापर्यंत शब्द न शब्द पोचतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं इथे ऐकावीत.

स्पीकरची शिट्टी मात्र वाजते, कारण गाणारी मुलं माइकच्या जाळीवरच मूठ आवळतात. जाळीमागच्या फटी बुजल्या की माइक चहूबाजूंचा आवाज ओढतो, मॉनिटरचासुद्धा (म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा). माइक दांड्याला धरा, मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीकडे ठेवा.

पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, हे उत्तम. पण इथली बरीच मुलं गुजराती शाळांतली, जोडाक्षरांना अडखळतात. ओळीचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच पुढची स्लाइड यायला हवी. ती उशिरा येते आणि पहिला शब्द हुकतो.

खरी अडचण साउंडच्या मिक्सरशेजारी चिकटवलेल्या, उपासनेच्या वेळापत्रकाच्या कागदात आहे. त्यात मंडळीच्या मुक्त प्रार्थनेला (ज्याला वाटेल त्याने आपल्या शब्दांत करायच्या) तीन मिनिटं, तीही कीबोर्डच्या सुरांवर. मागच्या बाकावरच्या आजी 'हे प्रभू' म्हणेपर्यंत गिटार सुरू. पापांगीकारानंतरची शांतताही सुरांनीच भरतात. साउंडवाल्याला शांतता म्हणजे चूक वाटते, पण उपासनेत माणूस तिथेच देवापुढे रिकाम्या हातांनी उभा राहतो. ती जागा भरायची नसते.

नीटनेटकेपणा सोडा, असं अजिबात म्हणणं नाही. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, घडवणाऱ्या बसालेलाला कारागिरीच देवाच्या आत्म्याने दिली, असं बायबलमधल्या निर्गमाच्या 31व्या अध्यायात आहे. पण मग त्या आत्म्याची वाट पाहायला वेळ राखावा लागतो. इथे साउंडचेक 8:55 पर्यंत चालतो आणि गायनवृंदाची प्रार्थना हातात केबल घेऊन उरकते. कारण नवं गीत आयत्या वेळी बसवतात. ते आठवड्यातल्या सरावातच पक्कं करा, महिन्याला एकच घ्या, 8:40 ला मिक्सरवरचे सगळे फेडर (आवाजाचे खटके) खाली आणि वीस मिनिटं गुडघ्यांवर. मुक्त प्रार्थनेत कीबोर्ड बंद, कागदावर तिची वेळच लिहू नका.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, रविवार गाठावा. त्या दिवशी रांग पुढे सरकते तोवर नुसती पेटी वाजते, आणि कुणी घड्याळ बघत नाही.