फुल फ्रेम सोडून मायक्रो फोर थर्ड्स: काही महिन्यांच्या कॉन्सर्टनंतरचा अनुभव

फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची, किट गेले काही महिने कपाटात आहे. स्टेजसमोर मी आता मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, घेऊन उभा असतो. स्टॅक्ड (झटपट वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरची २० मेगापिक्सेलची बॉडी, आणि लेन्स: ७५ मिमी एफ/१.८ (एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त), १२-४० एफ/२.८, आणि मोठं स्टेज असेल तर ४०-१५० एफ/२.८. "अंधारात एवढासा सेन्सर? नॉइजचं काय?" असं जो तो विचारतो, म्हणून आधी तेच.

नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, आहे. सेन्सर १७.३ × १३ मिमीचा, फुल फ्रेमचा ३६ × २४. म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम चौथा हिस्सा. ॲपर्चर आणि शटर तेच ठेवलं तर दोन स्टॉपचा तोटा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). इथला आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० साधारण तिथल्या १२८०० सारखा दिसतो. पण मी पूर्वी ७०-२०० एफ/२.८ वर काढायचो आणि आता बहुतेक फ्रेम्स एफ/१.८ वर काढतो. त्यात सव्वा स्टॉप परत मिळतो. उरलेला पाऊण स्टॉप रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइलवर एआय डिनॉइज, म्हणजे नॉइज काढणारं सॉफ्टवेअर, चालवलं की निभावतो. हिशेब माझ्या सोयीचा आहे, मान्य. समोरच्याने फुल फ्रेमवर १३५ एफ/१.८ लावली की हा हिशेब कोलमडतो.

पण तिथे डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढे-मागे किती भाग शार्प राहतो ते) आडवी येते. १३५ एफ/१.८ वर गायिकेने मान जरा तिरकी केली की एक डोळा शार्प, दुसरा गेला. माझी ७५ एफ/१.८ फुल फ्रेमच्या हिशेबात १५० मिमीचा कोन देते आणि डेप्थ एफ/३.६ इतकी, प्रकाश मात्र एफ/१.८ चाच घेते. गिटारवाला सोलोच्या वेळी वाकतो तेव्हा चेहरा आणि फ्रेटवरची बोटं दोन्ही पकडायची असतील, तर ही जास्तीची डेप्थ कामाला येते. उलट बाजूही आहे: मागचे ॲम्प, केबल, लाइटचे स्टँड पूर्वीसारखे विरघळत नाहीत. छोट्या क्लबमध्ये बॅकग्राउंडचा पसारा फार दिसतो, जागा बदलून मारामारी करावी लागते.

सगळ्यात जास्त त्रास निळ्या लाइटने दिला. सेन्सरवरच्या बायर फिल्टरमध्ये निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. स्टेज नुसत्या निळ्या एलईडीत बुडालं की काम करणारे मुख्यतः ते पाव पिक्सेल. निळा चॅनेल जळतो (त्यातला तपशील उडतो), बाकीचे दोन कोरडे, आणि नॉइज अचानक दुप्पट वाटतं. फुल फ्रेमवरही हेच होतं, पण तिथे सावरायला जागा असते. अशा गाण्यात मी हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) निळा चॅनेल वेगळा बघतो, एक्स्पोजर खाली ठेवतो आणि तरीही जमलं नाही तर सरळ ब्लॅक अँड व्हाइट करतो. (सगळेच करतात, सांगत कोणी नाही.)

सायलेंट शटर हे खरं आकर्षण होतं. पियानो आणि आवाज एवढंच असतं तेव्हा क्लिकचा आवाज अक्षरशः गुन्हा वाटतो. मात्र इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि डिम केलेले एलईडी सतत चालू-बंद होत असतात, त्यामुळे फोटोत आडवे पट्टे येतात. स्टॅक्ड सेन्सर वेगाने वाचतो, तरी त्यातून सुटका नाही. पहिल्या गाण्यालाच दोन-चार फ्रेम काढून झूम करून बघायच्या. पट्टे दिसले की मेकॅनिकल शटर आणि १/२५० सेकंद किंवा त्याहून संथ. तिथे शटर एका क्षणी पूर्ण उघडलेलं असतं, त्यामुळे पट्टे बहुतेक वेळा जातात. फार तर एक्स्पोजर फ्रेमगणिक थोडं कमीजास्त येतं.

हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनचं कौतुक ऐकून कोणी ही सिस्टीम घेत असेल तर थांबा. ड्रमर हलतोय, कॅमेरा नाही. वाइड फ्रेममध्ये स्थिर स्टेज आणि प्रेक्षकांच्या हातांची हालचाल हवी असेल तेव्हा हातात धरून १/१५ सेकंद निघतं, तेवढंच.

वजन. ७५ एफ/१.८ आहे ३०५ ग्रॅम. ४०-१५० एफ/२.८ ट्रायपॉड कॉलरशिवाय (ट्रायपॉडला जोडायच्या कड्याशिवाय) ७६० ग्रॅम. फुल फ्रेमच्या डीएसएलआर काळातल्या ७०-२०० एफ/२.८ दीड किलोच्या आसपास असायच्या. पिटमध्ये (स्टेजपुढच्या फोटोग्राफरांच्या जागेत) पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, एवढंच काम असेल तर फरक जाणवणार नाही. पूर्ण शो काढत असाल तर शेवटच्या तासात हात शिणलेला नसतो, आणि एन्कोअरचे फोटो तेव्हाच निघतात. गर्दीत लेन्स कोणाच्या डोक्यावर टेकवावी लागत नाही, हेही आलं.

फुल फ्रेम विकलेली नाही. प्रिंट मोठी हवी असेल किंवा आयोजक आधीच "लाइट कमी असेल" म्हणाले असतील, तर ती बॉडी आणि एक ८५ एफ/१.४ बाहेर निघते. ७०-२०० मात्र विकायला काढली आहे.