चावडीवरचा दगड आणि घरबसल्या युद्धसंग्रहालयं: आठ महिन्यांचा अनुभव

माहेरच्या गावात चावडीच्या भिंतीत एक पांढरा दगड बसवलाय. १९१४ ते १९१९ च्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढे दोन आकडे त्यावर कोरलेत. नाव एकाचंही नाही. गेल्या दिवाळीत भाच्यानं विचारलं, "आत्या, ही माणसं गेली कुठं?" मला सांगता येईना. तिथून आमची शनिवारची शिकवणी सुरू झाली. नववीतली लेक, आठवीतला भाचा, शेजारची एक मुलगी आणि जेवणाच्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप.

सर्वांत जास्त वापरलं ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं, म्हणजे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं मेलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेचं, शोधपान. फुकट आहे. नुसतं आडनाव टाकून मात्र उपयोग नाही, ढीगभर निकाल येतात. युद्ध निवडायचं, भारतीय सैन्य निवडायचं आणि मग 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव किंवा जिल्हा शोधायचा. तिथं बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो; म्हणजे असला तर असतो. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर सोडलेलं. आम्ही त्यासाठी एक वही घातली: डावीकडे आपलं नाव, उजवीकडे साहेबाला ऐकू आलेलं. एकट्या जाधवांनी त्या वहीचं अर्धं पान खाल्लं.

चौथ्या शनिवारी आमच्या गावाशी जुळणारी एक नोंद सापडली. गावाच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं, पण जिल्हा बरोबर. स्मारक: बसरा. पोरांनी लगेच नकाशा उघडला.

बसऱ्याचं स्मारक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र नाहीत, त्यांच्या पलटणीपुढे फक्त संख्या. हे कमिशननं स्वतःच नेमलेल्या समितीच्या २०२१ च्या अहवालात कबूल केलंय: किमान १,१६,००० माणसांची, त्यात आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली बहुतेक, नावानं आठवण ठेवलीच गेली नाही किंवा अजिबातच ठेवली गेली नाही. भाचा म्हणाला, "म्हणजे तिकडंपण दगडावर आकडाच." त्या दिवशी मी पुढचं काही शिकवलं नाही.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा ऑनलाइन संग्रह त्या मानानं समुद्र आहे. संग्रहालय १९१७ चं, म्हणजे लढाई चालू असतानाच काढलेलं, त्यामुळे फोटो रग्गड. शोधताना एक युक्ती: 'मराठा' आजच्या स्पेलिंगनं टाकलं तर हाती थोडंच लागतं, जुन्या पद्धतीनं मध्ये 'एच' आणि शेवटी दोन 'टी' घालून 'माहराट्टा' लिहा, मग पलटणी दिसायला लागतात. मेसोपोटेमियातल्या कूट गावच्या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचा फोटो तिथं आहे. फासळ्या मोजाव्यात इतका वाळलेला. सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कूटमध्ये अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिचा सेनापती टाउनशेंड यानं तुर्कांपुढे शरणागती पत्करली. अन्न संपत आलं तरी अनेक हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला बरेच दिवस तयार नव्हते. यावर घरात तासभर वाद झाला. लेकीच्या मते जगणं आधी. शेजारची मुलगी म्हणाली, घरी परत जाऊन काय सांगायचं? फोटोखालच्या ओळीत त्या शिपायाचं नाव नाही. आता पोरं कुठलाही फोटो आला की आधी खालची ओळ वाचतात: कोणाला नाव दिलंय, कोणाला फक्त 'इंडियन सोल्जर' म्हटलंय. ही सवय मी लावली नाही, आपोआप लागली.

तक्रारीही आहेत. मुलाखतींच्या ध्वनिफिती अर्ध्या अर्ध्या तासाच्या रिळांत आहेत. पोरं पाच मिनिटांत कंटाळतात. शुक्रवारी रात्री मीच आधी ऐकते आणि कामाचे मिनिट-सेकंद कागदावर लिहून ठेवते. सगळं इंग्रजीत, तेही उच्चार असे की मलाच दोनदा ऐकावं लागतं. शिक्षकांसाठी केलेले पाठ तिकडच्या पोरांसाठी आहेत. रेशन कार्ड, हवाई हल्ल्यातले निवारे. चांगले आहेत, पण आमच्या दगडाशी त्यांचा संबंध नाही. तयार पाठ छापून घ्यायचं मी दुसऱ्या महिन्यातच सोडलं.

आवाजाची कमाल मात्र दुसरीकडे सापडली. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषातज्ज्ञांनी हिंदी शिपायांचे आवाज तबकडीवर उतरवून घेतले. ११ डिसेंबर १९१६ ला मल्ल सिंग नावाचा शिपाई मोजक्या ओळी बोलतो: हिंदुस्तानात लोणी खाणारा एक माणूस होता, तो या लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचंय. स्वतःबद्दलच बोलतोय, पण 'एक माणूस' म्हणून, गोष्ट सांगावी तसं. पंजाबी वळणाचं बोलणं पोरांना निम्मंच कळलं. तरी तीनदा लावायला लावलं.

दुसऱ्या महायुद्धाला आम्ही भीतभीतच हात घातला. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयाच्या संग्रहात शिगेरू ओरिमेन या शाळकरी मुलाचा डबा आहे, आतलं जेवण जळून कोळसा झालेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा तो उघडलाही नव्हता. मी एक शब्द बोलले नाही. लेक उठून ओट्यावरचा स्वतःचा डबा घासायला लागली. आऊशवित्झ या पोलंडमधल्या नाझी मृत्युछावणीचं संग्रहालय चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथं आणू नका असं सुचवतं, म्हणून तो भाग भाचा चौदाचा होईपर्यंत बाजूला ठेवलाय.

मध्येच यशवंत घाडगे आले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. त्यांचं नाव मात्र इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. भाच्यानं हिशोब मांडला: तीस वर्षांत भिंतीवर जागा मिळाली.

कोणाला सुरू करायचं असेल तर मोठ्या संग्रहालयापासून करू नका, आपल्या गावापासून करा. खर्च नेटचा आणि छपाईचा, बाकी वेळ. मोबाइलवर हे जमत नाही. नोंदींची यादी उतरवून घेऊन मोठ्या पडद्यावरच बघावी लागते.

आमचं सध्या एकच काम चाललंय. नोंदीतलं गावाचं अक्षर दुरुस्त करून घ्यायला कमिशनला कागद दाखवावा लागेल. भाऊ म्हणतो, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत लढाईच्या पेन्शनीचं काहीतरी होतं. पेटीची किल्ली चुलत्यांकडे आहे आणि चुलते पंढरपूरला गेलेत.