सलालाचा लोबान : ढिगावरचा भाव आणि धुपाटण्यातला वास

ओमानच्या दक्षिण टोकाला, सलाला शहरात, हाफा सूक नावाचा बाजार आहे. लोबान घ्यायचा तर इथेच, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. मस्कतच्या मत्रा सूकमध्येही तोच माल मिळतो, पण तो हजार किलोमीटर प्रवास करून आलेला असतो आणि भाव पर्यटकांच्या हिशेबाने लावलेला असतो. सलालात दुकानादुकानातून चार प्रतींचे ढीग मांडलेले दिसतात : हुजरी, नजदी, शझरी आणि शाबी. भावही याच क्रमाने उतरत जातो.

आधी निकाल. घरी रोज संध्याकाळी धूप घालायला चांगली नजदी पुरते. पाण्यात भिजवून प्यायचं असेल किंवा कुणाला भेट द्यायची असेल तरच हुजरी घ्यावी, तीही पाव किलोच्या आत. शझरीचा वास जरा जड असतो. दुकानात जाळून पाहावी, आवडली तर घ्यावी. शाबीच्या वाटेला जाऊ नये. स्वस्त पडते खरी, पण धूर जास्त, वास कमी, आणि खाली चिकट काळा थर उरतो.

या चार प्रतींचं मूळ धोफारच्या, म्हणजे सलालाभोवतीच्या प्रांताच्या, डोंगरात आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपल्या कोकणात पाऊस आणतात तेच, या किनाऱ्यालगत वाहतात. त्यांच्या जोराने समुद्रावरचं कोमट पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. दमट हवा या थंड पाण्यावरून आली की तिचं धुकं होतं. वर रुब अल खाली वाळवंटाकडून आलेली गरम, कोरडी हवा बसलेली असते. तिच्यामुळे धुकं उंच चढत नाही, पाऊस जोर धरत नाही, नुसती भुरभुर चालू राहते. सलाला शहरात वर्षभरात पडणारं पाणी कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशी पडून जातं. तरीही डोंगरांचा समुद्राकडचा उतार या महिन्यांत हिरवागार होतो. या मोसमाला तिथे खरीफ म्हणतात.

लोबानाच्या झाडाला, बॉसवेलिया सॅक्राला, हे धुकं अंगावर घ्यायला आवडत नाही. त्याला डोंगरापलीकडची कोरडी, खडकाळ जमीन लागते, जिथे धुकं पोचत नाही पण त्याच्यामागून येणारा गार वारा पोचतो. पूर्वेला समहान डोंगराच्या मागे, हासिकच्या बाजूला सगळ्यात कोरडी जमीन आहे. तिथली हुजरी. सलालाहून थुमरैतकडे जाताना घाट चढला की पठार लागतं, तिथली नजदी. पश्चिमेकडच्या डोंगरातली शझरी, आणि समुद्राजवळच्या दमट पट्ट्यातली शाबी. समुद्रापासून जितकं दूर आणि कोरडं, तितका डिंक फिका, टणक आणि वासाला लिंबासारखा तरतरीत. दमट जागेतला डिंक पिवळा-तपकिरी आणि मऊ निघतो.

झाड बघायचं असेल तर थुमरैत रस्त्यावरच वादी दौका आहे, सलालाच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर. शिसर, खोर रोरी आणि अल बलीद या प्राचीन ठिकाणांसह ही जागा 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेली. झाडं कुंपणात, फिरायला वाट, पण सावली जवळजवळ नाही. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर जावं. जिथे साल खरवडलेली असते तिथे पांढरे थेंब दिसतील. ते उचलू नयेत, काही तासांपूर्वीचा थेंब बोटाला असा चिकटतो की साबणाने निघत नाही.

डिंक काढायची रीतही भाव समजायला उपयोगी पडते. मनकफ नावाच्या छोट्या बोथट पात्याने सालीचा तळहाताहून लहान तुकडा खरवडतात. पहिल्या खेपेला निघतो तो डिंक हलका मानतात. साधारण दोन आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खरवडली की माल सुधारतो, आणि त्यापुढच्या खेपेचा सगळ्यात चांगला. त्यामुळे एकाच झाडाच्या डिंकातही हलका-भारी भेद असतो. फार वेळा खरवडलेलं झाड थकतं, त्याचं बी नीट रुजत नाही. झाडं ज्या त्या भागातल्या टोळ्यांच्या आणि कुटुंबांच्या वहिवाटीची, पण आज खरवडणारे हात बरेचसे सोमाली मजुरांचे असतात.

त्यामागे ओमानचं अर्थकारण आहे. 1967 साली तेलाची निर्यात सुरू झाली. सलालातच जन्मलेल्या काबूस यांनी 1970 मध्ये वडिलांना, म्हणजे तेव्हाच्या सुलतानांना, बाजूला सारून सत्ता घेतली. तेव्हा धोफारमध्ये बंड पेटलेलं होतं, ते 1975 च्या अखेरीस शमलं. त्यानंतर रस्ते, शाळा, दवाखाने आणि मुख्य म्हणजे सरकारी नोकऱ्या आल्या. महिन्याला ठरलेला पगार मिळत असताना उन्हातान्हात डोंगरामागे खाचा पाडायला कोण जाणार? सलालाचा पैसा आज सरकारी पगारातून, 1998 पासून चालू असलेल्या कंटेनर बंदरातून आणि खरीफच्या पर्यटकांतून येतो. देशाच्या हिशेबात लोबान चिमूटभर उरलाय, पण सरकारी पाहुण्याला भेट द्यायची वेळ आली की हुजरीच पुढे केली जाते.

एके काळी उलट होतं. सलालाच्या पूर्वेला खोर रोरीच्या टेकडीवर सुमहुरम या बंदराचे अवशेष आहेत. हद्रमौतच्या (आजच्या येमेनमधल्या) राजांनी इसवी सनापूर्वी ते वसवलं, लोबान बाहेर पाठवण्यासाठी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात या किनाऱ्यावरच्या मोस्खा बंदराचं वर्णन आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते हेच बंदर मानतात. भडोचहून आणि दक्षिण भारतातून आलेली गलबतं उशीर झाला तर हिवाळाभर तिथेच थांबत, आणि राजाच्या अधिकाऱ्यांना कापड, गहू, तिळाचं तेल देऊन बदल्यात लोबान घेत. त्याच टिपणात आपल्याकडच्या कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांचीही नावं येतात. खोर रोरीच्या उत्खननात काशाची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्तीही सापडली. रोममध्ये प्लिनी या लेखकाने लोबानाच्या तीन प्रतींचे भाव लिहून ठेवलेत : पौंडाला 6, 5 आणि 3 रोमन दिनार. उंटामागे भूमध्य समुद्रापर्यंतचा खर्च तो 688 दिनार सांगतो, जकात, पाणी, चारा, मुक्काम सगळं धरून. म्हणजे प्रती पाडून विकायचा धंदा किमान दोन हजार वर्षं जुना आहे, आणि भावातला मोठा हिस्सा तेव्हाही वाटेतच जात होता.

आता खरेदी. बाजार दुपारी एकच्या सुमारास बंद होतो आणि चारनंतर उघडतो, शुक्रवारी सकाळी फारसं काही चालू नसतं. खरीफमध्ये आखाती देशांतल्या पर्यटकांची झुंबड असते. तेव्हा हॉटेलं महाग आणि लोबानाच्या भावात घासाघीस अशक्य. ऑक्टोबरनंतर जावं. किंमत रियालमध्ये, आणि एका रियालचे हजार बैसा. त्यामुळे पाटीवर टिंबानंतर तीन आकडे असतात : 2.500 म्हणजे अडीच रियाल. एक रियाल सुमारे 2.6 डॉलर, हा दर 1986 पासून बांधलेला आहे. रुपयाचा हिशेब डोक्यात ठेवूनच बोला, कारण ‘फक्त पाच’ ऐकायला किरकोळ वाटतं आणि घरी येऊन गुणाकार केला की डोळे पांढरे होतात. (1970 पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेचाच आखाती रुपया चालत होता, तेव्हा हा त्रास नव्हता.) दुकानात ‘ऊद’ मात्र मागू नका. तिथे त्या नावाने अगरूचं लाकूड समोर येतं आणि त्याचा भाव लोबानाच्या कितीतरी पट असतो. ‘लुबान’ म्हणा.

सगळ्यात मोठी फसगत प्रतीची. सोमालियाचा लोबान स्वस्तात येतो आणि धोफारचा म्हणून विकला जातो. तो वाईट नसतो, झाडही फार वेगळं नाही, पण हुजरीचे पैसे देऊन तो घेण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी ओळखणं अवघड. एकाच ढिगात वेगवेगळ्या रंगांचे, आकारांचे खडे आणि सालीचे तुकडे दिसले तर माल मिसळलेला किंवा न निवडलेला समजावा. प्रत्येक दुकानात मबखरा, म्हणजे धुपाटणं, पेटलेला असतोच, ज्या ढिगातून घेणार त्यातलाच खडा स्वतः उचलून त्यावर टाकायला लावा. दुकानदाराने मांडणीखालून काढलेला खडा चालणार नाही.

दुसरी भेसळ राळेची. ही घरी ओळखता येते. दोन खडे ग्लासभर पाण्यात रात्रभर ठेवा. लोबानात डिंकाचा अंश असतो, तो विरघळून पाणी दुधाळ होतं. राळेचं पाणी जसंच्या तसं राहतं. निखाऱ्यावर राळ पातळ होऊन वाहते आणि टर्पेंटाइनचा वास सोडते, लोबान फुगतो, बुडबुडतो, पण पाण्यासारखा वाहत नाही. दाताखाली धरला तर आधी भुगा होतो, कडवट लागतो, आणि मिनिटभरात च्युइंगमसारखा एकजीव होतो. खड्यांवरची पांढरी पूड पाहून घाबरू नका, ती खडे एकमेकांवर घासून पडलेली असते.

हिरवट हुजरीबद्दल स्पष्टच सांगायचं तर तिचा चढा भाव दिसण्यासाठी आहे. काचेच्या बरणीत ती सुंदर दिसते. निखाऱ्यावर टाकल्यावर हिरवट आणि फिकट पिवळ्या हुजरीतला फरक सांगणारं नाक फार थोड्यांचं असेल. जास्तीचे पैसे त्यापेक्षा नीट निवडलेल्या मोठ्या खड्यांवर घालावेत.

आपल्याकडे पूजेच्या दुकानात लोबान म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा सुमात्राकडचं, वेगळ्याच झाडाचं असतं. त्याचा वास गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारा. त्याची सवय असलेल्याला धोफारचा लोबान पहिल्यांदा तिखट आणि कोरडा वाटतो. लोबानाच्या झाडाचा जवळचा नातेवाईक म्हणजे आपली सालई, सातपुड्यात आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांत वाढणारी. तिचा डिंक मऊ, चिकट, वासाला राळेकडे जाणारा. रोजच्या धुपाला तोही उत्तम, आणि नजदीहूनही स्वस्त पडतो.

जाळण्यात बहुतेकांचं एकच चुकतं, कोळसा फार गरम असतो. लाल निखारा 500 अंशांच्या वर असतो. त्यावर खडा पडला की आधी सुगंधी तेल भसकन उडून जातं आणि उरलेला खडा जळून काळा, डोळे झोंबवणारा धूर होतो. मग दोष लोबानाला. झटपट पेटणाऱ्या गोल टिकियांत सोरा असतो, तडतड थांबून वर राखाडी थर येईपर्यंत पाच-सात मिनिटं थांबा. करवंटीचा कोळसा असेल तर गॅसवर दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण त्याला सोऱ्याचा वास नसतो. निखाऱ्यावर चिमूटभर राख पसरा आणि खडा मधोमध न ठेवता कडेला ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीला हरभऱ्याएवढे दोन-तीन खडे पुष्कळ. खडा काळा पडला की चिमट्याने काढून टाका, नवा खडा त्याच्यावर ठेवू नका. खिडकी थोडी उघडी असावी, घरात दमेकरी असेल तर धूर करूच नये.

विजेचं धुपाटणं घेणार असाल तर तापमान कमी-जास्त करता येणारं घ्या. साधारण 150 ते 200 अंशांवर लोबानातलं लिंबू सगळ्यात स्वच्छ येतं. ताटलीत ॲल्युमिनियमची फॉइल घाला, नाहीतर थर घट्ट बसतो. तो पाण्याने निघत नाही, स्पिरिटने निघतो, अर्थात प्लग काढून आणि ताटली पूर्ण गार झाल्यावर.

सलालाचा रंगवलेला मातीचा मबखरा दिसायला देखणा, पण बुडाशी सेंटीमीटरभर वाळू किंवा राख न घालता पेटवला तर तडकतो. पहिल्यांदा लहानच निखारा ठेवावा, आणि खाली फरशीचा तुकडा, कारण बूड चांगलंच तापतं.

पिण्यासाठी फक्त स्वच्छ, फिकट हुजरी. सालीचा कण नको. पाच-सहा खडे धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी गाळून अर्धा कप. चव कडवट-लिंबट. ओमानी घरांत हे पोटासाठी घेतात. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. 

साठवण काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. प्रवासात पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली तर ओमानच्या उन्हात खडे मऊ होऊन त्यांचा एकच गोळा होतो. तसं झालं तर बरणी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि गोळा कापडात गुंडाळून बत्त्याने हलके ठोका, खडे सुटे होतात.