हाफ चॅप्स, हेल्मेट, ब्रीचेस, सॅडल बॅग: इंदूरच्या पागेत आणि सोन-कुलच्या वाटेवर वापरल्यानंतर

मागच्या हिवाळ्यात मी चार वस्तू घेतल्या: रायडिंग हेल्मेट, कातडी हाफ चॅप्स (घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीवर चढवायचं आवरण), ब्रीचेस (घोडेस्वारीची अंगाबरोबर बसणारी विजार) आणि खोगिरामागे बांधायची सॅडल बॅग. हिवाळा-उन्हाळा त्या इंदूरच्या रायडिंग क्लबात सकाळच्या रपेटीला वापरल्या. जुलैत किरगिझस्तानात सोन-कुल सरोवराकडे जाणाऱ्या डोंगरवाटांवर त्यांनी रोज पाच-सहा तास काढले, आणि परतल्यावर भर पावसाळ्यात पुन्हा इथल्या पागेत. एवढ्या वापरानंतर लिहिण्यासारखं बरंच साठलंय.

अशा सामानाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक स्वाराच्या आरामाबद्दल असतं. आमच्या क्लबात शिकवणारे घोडदळातले निवृत्त रिसालदार साहेब पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "ताई, तुमचं दुखलं तर तुम्ही सांगाल. घोडं सांगणार नाही." तेव्हापासून प्रत्येक वस्तूला मी आधी एकच प्रश्न विचारते: हिच्यामुळे घोड्याच्या पाठीवर काय होतंय? पागेतल्या पाऊण तासात या प्रश्नाचं उत्तर कळत नाही. डोंगरात दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घोड्यावर पुन्हा खोगीर चढवताना कळतं.

म्हणून सुरुवात सॅडल बॅगेपासून, कारण ती सगळ्यात कमी चांगली निघाली. कापड मजबूत आहे, शिवण कुठेही उसवली नाही, पाणी आत जात नाही. पण पट्ट्यांची धातूची बक्कलं नेमकी घोड्याच्या कुशीला लागतील अशी आतल्या बाजूला बसवली आहेत. पागेत हे जाणवलंच नव्हतं. किझार्ट गावाजवळून निघायच्या आधी वाटाड्याने बॅगेखाली हात फिरवला, मान हलवली आणि नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचे, दोन तुकडे आणून बक्कलांभोवती गुंडाळले. शब्द एकही नाही. संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर त्या जागेवरचे केस जसेच्या तसे होते. नमदा नसता तर तिथे टक्कल पडलं असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखम. बनवणाऱ्याला मी हे कळवलं, उत्तर आलेलं नाही. एवढी किंमत घेणाऱ्या वस्तूत हा दोष असायला नको होता.

बॅगेची जागाही समजून घेण्यासारखी आहे. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात आणि शेवटच्या बरगडीपर्यंतची पाठच काय ते ओझं पेलते. त्यामागची कंबर बरगड्यांच्या आधाराविना असते. सॅडल बॅग बरोबर तिथे येते. म्हणून तिच्यात वजनदार काही भरायचं नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका बाजूला पाण्याची बाटली आणि दुसरीकडे नुसतं जॅकेट असेल तर खोगीर तासाभरात एका अंगाला सरकतं, मग स्वार नकळत दुसऱ्या अंगाला झुकतो आणि घोडं दिवसभर ते वाकडं ओझं वाहतं. मी आता निघण्यापूर्वी दोन्ही कप्पे सामान तोलायच्या काट्याला लावते. माझ्या बॅगेत पाणी, सुका खाऊ, पावसाचं जॅकेट आणि औषधं, बस. बाकी सगळं सामान-घोड्यावर.

वजनाचा हिशेबही इथेच मांडते, कारण बुकिंग करताना तो कुणी सांगत नाही. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा नियम जगभरचे बरेच घोडेवाले पाळतात. किरगिझ घोडा ठेंगणा, साधारण ३५० ते ४०० किलोचा. म्हणजे सगळं मिळून ७० ते ८० किलो. खोगीर आणि त्यावरची गोधडी यांचेच दहाएक किलो धरले तर स्वाराला किती उरले ते पाहा. ज्यांचं वजन सत्तरच्या वर आहे त्यांनी मोठा घोडा आधीच मागून घ्यावा, यात संकोच नको.

हा घोडा मात्र मनात भरला. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायल्याचं आपण लहानपणापासून ऐकतो. होळकरांच्या इंदुरात तर ते जास्तच ऐकतो. लहान चणीचं, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर दिवस काढणारं जनावर म्हणजे काय, हे मला सोन-कुलच्या वाटेवरच्या किलेमचे कुरणावर कळलं. दगडगोट्यांच्या चढावर लगाम सैल सोडला की घोडं स्वतःच पाऊल निवडतं. पागेत शिकलेलं दोन हातांनी लगाम धरणं तिथे उपयोगी नाही. लगाम एका हातात असतो आणि मानेवर टेकवून वळवायचं असतं. निघायला "चू" म्हणायचं. सवय व्हायला अर्धा दिवस लागतो.

हाफ चॅप्स. चारही वस्तूंत ही खरेदी सर्वांत चांगली. कानपूरला खोगीर आणि कातडी साज बनवण्याची जुनी परंपरा आहे, माझे तिथलेच, तीन हजारांच्या आत मिळाले. रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) पट्टा पोटरीला चिमटे काढतो, तो त्रास पहिल्या दिवसापासून थांबला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाय स्थिर राहतो. पाय हलत राहिला की टाच सारखी घोड्याच्या कुशीला लागते, आणि बिचाऱ्याला कळत नाही की हा इशारा आहे की नुसतंच लागतंय. चॅप्समुळे माझा पाय शांत झाला आणि घोडंही शांत झालं, हे क्लबातल्या बुजऱ्या घोडीवरसुद्धा जाणवलं.

दोष दोन. तळव्याखालून जाणारं इलॅस्टिक डोंगरातल्या दगडांनी झिजलं, रामबागेतल्या मोच्याने त्याजागी कातडी पट्टी लावून दिली आणि ती आता आधीपेक्षा टिकाऊ आहे. दुसरी तक्रार चॅप्स बंद करायच्या चेनची (झिपची). घाम आणि धुळीने ती अडकते. मेणबत्ती घासली की चालते. इंदूरच्या पावसाळ्यात कातड्यावर बुरशी येते, तेव्हा सॅडल सोपने, म्हणजे कातड्याच्या साबणाने, पुसून सावलीत वाळवणं आणि कपाटात न कोंडणं एवढं केलं तर पुरतं. उन्हात वाळवलं तर कातडं तडकतं.

चॅप्सखाली काय घालायचं हे चॅप्सइतकंच महत्त्वाचं. ट्रेकिंगचे बूट आहेतच, तेच चालतील, असं बरेच जण समजतात. जाड, खाचेदार तळव्याचा बूट रिकिबीत अडकू शकतो, आणि पडताना पाय अडकला तर घोडं माणसाला फरफटत नेतं. तळवा गुळगुळीत आणि टाच साधारण इंचभर हवी, म्हणजे पाय रिकिबीतून पुढेही घुसत नाही. हे मी कुणालाही हात धरून सांगेन.

हेल्मेटबद्दल थोडक्यात: सायकलचं चालत नाही. घोडेस्वारीच्या हेल्मेटची चाचणी वेगळी असते, आत एएसटीएम एफ ११६३ किंवा पीएएस ०१५ असा शिक्का पाहून घ्या. एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते बदलायचं. माझं हवेशीर आहे, एप्रिलमधल्या इंदूरच्या उन्हातही डोकं तापलं नाही. मात्र त्याची कड लहान असल्याने उंचावरच्या उन्हात मान आणि कान भाजले, मग सुती पंचा आतून बांधला. किरगिझस्तानात पाहुण्याला हेल्मेट मिळेलच असं धरून चालू नका, स्वतःचं न्या. माझी नणंद सोबत होती. तिथल्या गुराख्यांच्या डोक्यावर नुसत्या टोप्या पाहून ती म्हणाली, "वहिनी, हे लोक बघा की बिनधास्त!" ते चालायला लागायच्या वयापासून घोड्यावर आहेत. तिने हेल्मेट काढलं नाही, याचं मला फार समाधान आहे.

ब्रीचेस मी बैठकीवर सगळीकडे सिलिकॉन असलेल्या घेतल्या होत्या. पागेतल्या इंग्लिश खोगिरावर उत्तम. मांड पक्की बसते. किरगिझ खोगिरावर मात्र जाड घडीची गोधडी असते, सिलिकॉन तिला धरून ठेवतं आणि दुडकी चालीत उठबस करताना गोधडी हळूहळू पुढे सरकते. मग बैठक पुढे गेली की वजन घोड्याच्या खांद्यावर येतं. दुसऱ्या दिवशीपासून मी साध्या, फक्त गुडघ्याला पट्टी असलेल्या ब्रीचेस घातल्या. लांबच्या रपेटीला त्याच घ्या. आतून बिनशिवणीचे कपडे आणि मांड्यांना व्हॅसलीन, हे बायकांना आणि पुरुषांना सारखंच लागू.

ज्या वस्तू विकत मिळत नाहीत त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. रिसालदार साहेबांनी क्लबातल्या मोतद्दाराकडून (घोड्यांची निगा राखणाऱ्याकडून) मला तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, आवळायला शिकवला होता: एकदा आवळायचा, घोडं दहा पावलं चालवायचं, पुन्हा आवळायचा, कारण बरेच घोडे आधी पोट फुगवून उभे राहतात. मग पुढचे पाय एकेक उचलून पुढे ओढायचे, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. वाटाड्याने मला हे करताना पाहिलं आणि तेव्हापासून माझ्या घोड्याचा तंग मलाच बांधू दिला. उतारावर खाली उतरून चालायचं, हेही तिथे सगळे करतात. दुडकीत उठबस करताना अधूनमधून एक ठोका जास्त बसून उठण्याची बाजू बदलायची, नाहीतर पाठीच्या एकाच अंगावर भार पडतो. संध्याकाळी खोगीर काढल्यावर पाठीवरून तळहात फिरवायचा: गरम गाठ, ओली पाठ पण मध्येच कोरडा ठिपका, कातडी थरथरणं. कोरडा ठिपका म्हणजे तिथे खोगीर फार दाबतंय.

सोन-कुल समुद्रसपाटीपासून ३०१६ मीटरवर आहे, आपलं इंदूर साधारण साडेपाचशेवर. पहिल्या रात्री डोकं ठणकलं, पाणी पीत राहिले आणि सकाळी उतरलं. डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवा. जुलैतही रात्री गोठवणाऱ्या असतात आणि कधी बर्फही पडतो. झाड एकही नाही, चुलीत शेणाच्या वाळक्या गोवऱ्या. जून ते सप्टेंबर मेंढरं, घोडी आणि याक घेऊन गुराखी वर येतात, त्यांच्याच नमद्याच्या गोल तंबूंत आपण झोपतो. खाण्यात बोर्सोक (तळलेल्या कणकेचे तुकडे), साय, मुरंबा, चहा भरपूर. शाकाहारी माणसाने आधी सांगून ठेवावं आणि सोबत थोडं न्यावं. आमचा चिवडा आणि गूळपोळ्या यजमानीणबाईंच्या मुलांनी आमच्याआधी संपवल्या, तो आनंद वेगळाच. घोडीच्या दुधाचा आंबट कुमीस एक वाटी प्या.

पावसासाठी पोंचो मुळीच नको. वाऱ्यात तो फडफडला की घोडं बुजतं. कमरेपर्यंतचं, अंगाबरोबर बसणारं जॅकेट घ्या आणि ते घोड्यावर बसून घालू नका, उतरून घाला. ओल्या लगामासाठी खडबडीत तळव्याचे हातमोजे लागतात, ते मी तिथे नणंदेकडून मागून घेतले.

तर आज कुणी विचारलं तर: हाफ चॅप्स डोळे मिटून घ्या. हेल्मेट नव्यानेच घ्या, कुणाचं जुनं नको. ब्रीचेस साध्या. सॅडल बॅग घेताना आतली बाजू उलटून बोटांनी चाचपा, टोचणारं काही लागलं तर दुकानातच ठेवा. माझ्या बॅगेची बक्कलं मी बाहेरच्या बाजूला शिवून घेतली आहेत आणि आता ती नीट बसते. चॅप्सचं माप ब्रीचेस घालून, संध्याकाळी घ्या, तेव्हा पोटरी थोडी सुजलेली असते. पोटरीची जाडी आणि गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतची उंची, दोन्ही मापं लागतात. नवे चॅप्स वापराने घोट्याशी इंचभर खाली बसतात, म्हणून उंची किंचित जास्त घेतलेली बरी.